बाकडं, चेंबर आणि लेखी प्रश्न

पुण्यात रस्त्याकडेच्या बाकड्यावर बसलात, की पाठ हमखास एखाद्या नगरसेवकाच्या नावाला टेकते. कमानीवर नाव, ओपन जिमच्या फलकावर नाव, विरंगुळा केंद्रावर नाव आणि नावाच्या आधी ठळक अक्षरांत 'संकल्पना'. मी सार्वजनिक मुतारीच्या दुरुस्तीच्या फलकावरही 'संकल्पना' वाचली आहे. मुतारीमागे संकल्पना ती काय असणार, असं पुणेकर विचारतात, हसतात आणि त्याच नगरसेवकाला फोन करून म्हणतात, 'अहो, आमच्या सोसायटीसमोर एक बाकडं टाका ना.'

मी एका महापालिकेच्या नगरसचिव कार्यालयात लघुलेखिका होते. कोणत्या, ते सांगत नाही. पेन्शन तिथूनच येते. सभागृहात महापौरांच्या आसनाखाली टेबल असतं, तिथे बसून सभासद बोलतील ते शॉर्टहँडमध्ये टिपायचं आणि मग त्याचं सभावृत्त तयार करायचं, हे काम. चांगल्या भाषणाने हात दुखायचा, वाईटाने डोकं. सगळेच एकदम बोलायला लागले की पेन्सिल खाली ठेवायची आणि कंसात 'गोंधळ' लिहायचं. निवृत्तीनंतर हाताशी वेळ होता, म्हणून जुनी चरित्रं, शहराचे इतिहास, पालिकांचे कायदे वाचत गेले. नगरसेवकाकडे आपण जे मागतो आणि कायद्याने त्याला जे दिलंय, यात एवढं अंतर कसं पडलं, ते मला समजून घ्यायचं होतं.

कायद्याने त्याला काय दिलंय? महापालिका अधिनियम उघडून बघा. रस्ता झाडायचा, गटार काढायचं, पाणी सोडायचं, दिवे लावायचे, अतिक्रमण हटवायचं, ही सगळी अंमलबजावणी आयुक्तांची. सभासदांनी अंदाजपत्रक मंजूर करायचं, ठराव करायचे, धोरण ठरवायचं, प्रश्न विचारायचे. एकटा नगरसेवक कायद्याने एका बिगाऱ्यालाही हुकूम देऊ शकत नाही. तो सांगतो आणि बिगारी ऐकतो हे खरं, पण ते वजन त्याचं स्वतःचं, कायद्याचं नव्हे.

ही वाटणी मुंबईत झाली. १८६५ च्या कायद्याने मुंबईचा कारभार 'जस्टिस ऑफ द पीस' म्हणवणाऱ्या सरकारनियुक्त प्रतिष्ठितांकडे आला आणि प्रत्यक्ष अंमल एका म्युनिसिपल कमिशनरच्या हाती. पहिले कमिशनर आर्थर क्रॉफर्ड. माणूस झपाट्याचा. त्यांनी रस्ते केले, शहर झाडून काढलं, पुढे त्यांच्याच नावाने ओळखली गेलेली मंडई उभी केली आणि तिजोरीचा तळ गाठला. करदाते खवळले. कमिशनर नकोच, कारभार समितीकडे द्या, असा सूर निघाला. तेव्हा, १८७१ मध्ये, सव्वीस वर्षांच्या फिरोजशहा मेहतांनी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये एक निबंध वाचला आणि श्रोत्यांना न रुचणारी भूमिका घेतली. अंमल एकाच जबाबदार अधिकाऱ्याकडे असू द्या, मात्र त्याला जाब विचारणारी सभा लोकांनी निवडलेली हवी, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. पुढच्याच वर्षी कायदा झाला. ६४ सभासद, त्यांतले निम्मे करदात्यांनी निवडलेले. मतदार थोडेच, कर भरणारे, ऐपतदार. मग १८८८ चा कायदा आला, त्याच्या घडणीत मेहतांचा मोठा हात होता, आणि मुंबई महापालिका आजही त्याच कायद्यावर चालते. इतर शहरांच्या महापालिकांसाठी १९४९ मध्ये वेगळा कायदा झाला, तरी आयुक्तांनी करायचं आणि सभासदांनी विचारायचं ही वाटणी त्यातही तशीच राहिली.

मला मेहतांचं म्हणणं पटतं. दीडशे माणसांच्या सभेने रोज सकाळी पाण्याच्या चाव्या फिरवायच्या म्हटलं तर कोणालाच पाणी मिळणार नाही. अडचण एवढीच, की जाब विचारायला अभ्यास लागतो, वेळ लागतो, आणि मतदाराला तुंबलेलं चेंबर आज दुपारच्या आत मोकळं हवं असतं.

पुण्याची गोष्ट वेगळ्या वाटेने आली. पेशवाईत शहराचा बंदोबस्त कोतवालाकडे. पेठ वसवायची तर तिथे शेटे आणि महाजन नेमायचे, त्यांनी व्यापारी-उदमी आणून बसवायचे. पाणी कात्रजच्या तलावातून नळाने यायचं आणि पेठापेठांतल्या हौदांत पडायचं. तक्रार असली की दरबारात ऊठबस असलेल्या कोणाला तरी धरायचं. ही सवय आपली अजून गेलेली नाही. फक्त दरबार बदलला.

नगरपालिका आली १८५७ च्या सुमारास. सुरुवातीचे सभासद सरकार नेमायचं, आणि सरकारने नेमलेल्या माणसाकडून सरकारला काय अपेक्षित असतं ते सांगायला नको. अशा सभेत १८७६ मध्ये जोतीराव फुल्यांची नेमणूक झाली. सत्यशोधक समाज स्थापन होऊन तीन वर्षं झाली होती. फुले बांधकामाची कंत्राटंही घेत. चुन्याचा, दगडाचा, मजुरीचा भाव त्यांना तोंडपाठ. सभेत खर्चाचा विषय निघाला की या माणसाला गप्प बसवणं सोपं नव्हतं. व्हाइसरॉयच्या पुणे भेटीच्या निमित्ताने स्वागतावर हजार रुपये खर्च करायचा प्रस्ताव आला. हे पैसे गरिबांच्या शिक्षणाला द्या, असं फुले म्हणाले. मतं घेतली तेव्हा ३२ सभासदांत विरोधात ते एकटे. १८८० मध्ये त्यांनी शहरातल्या वाढत्या दारूच्या दुकानांबद्दल नगरपालिकेला पत्र लिहिलं. या दुकानांनी घरं बुडताहेत, हा त्याचा आशय. वस्तीतल्या दारूदुकानाविरुद्ध आजही नगरसेवकाकडे अर्ज येतात. मजकूर बघाल तर फार बदललेला नाही.

याच फुल्यांनी पक्क्या मंडईच्या खर्चालाही विरोध केला होता. तेव्हा शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात भाजीबाजार भरायचा. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात धूळ. दगडी मंडई बांधायचं ठरलं, तेव्हा फुल्यांचा मुद्दा पुन्हा तोच: शाळांना पैसा नाही आणि इमारतीला आहे? हा विरोध टिकला नाही. वासुदेव बापूजी कानिटकरांनी मंडई बांधली आणि ५ ऑक्टोबर १८८६ रोजी तिचं उद्घाटन झालं. अष्टकोनी मनोऱ्याची ती इमारत, नाव तेव्हाच्या गव्हर्नरांवरून रे मार्केट. पुढे काही काळ नगरपालिकेची कचेरीही तिथेच होती. खाली मिरच्या-कोथिंबीर, वर ठराव.

गोष्ट इथे संपत नाही. १९२५ मध्ये ब्राह्मणेतर पक्षाच्या सभासदांनी फुल्यांचा पुतळा उभारण्याचा विषय नगरपालिकेत आणला. शहर पेटलं. पुतळा तर झाला नाहीच, पण त्या वादातून 'देशाचे दुश्मन' ही पुस्तिका निघाली आणि प्रकरण कोर्टात गेलं. तिथे अपिलात पुस्तिकेच्या बाजूने उभे राहिलेले वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यानंतर दहा-बारा वर्षांनी आचार्य अत्रे नगरपालिकेत निवडून आले, स्थायी समितीचे अध्यक्ष झाले, आणि रे मार्केटचं नाव महात्मा फुले मंडई झालं. भांबुर्ड्याचं शिवाजीनगर झालं तेही अत्र्यांच्याच खटपटीने. म्हणजे ज्या इमारतीच्या खर्चाला माणसाने विरोध केला, तिच्यावरच त्याचं नाव लागलं, आणि तेही ज्या सभेने त्याचा पुतळा नाकारला, तिच्याच ठरावाने. मी रोज भाजी आणणारी बाई आहे. मंडई नको होती असं मी म्हणणार नाही. पण तो हजार रुपयांचा प्रश्न मात्र शंभर टक्के बरोबर होता, आणि आज अंदाजपत्रकाच्या सभेत तसा प्रश्न ऐकायला मिळाला असता, तर माझी पेन्सिल आनंदाने धावली असती.

१८८४ च्या कायद्यापासून निवडून आलेल्या सभासदांचं प्रमाण वाढलं. त्याआधी दोन वर्षं लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव झालेला होता. १८९५ मध्ये टिळक पुणे नगरपालिकेत निवडून आले. दोन वर्षांत प्लेग आला, सरकारने रँडच्या हाताखाली खास प्लेग समिती बसवली आणि निवडलेल्या सभासदांना विचारतो कोण, अशी गत झाली. घरझडत्या, सोजीर, २२ जूनची रात्र, हे सगळं आपल्याला शाळेपासून माहीत आहे. त्यातला पालिकेपुरता धडा असा, की वस्तीतल्या माणसांना ओळखणारा सभासद बाजूला सारून वस्तीत शिरलं तर काय होतं, ते पुण्याने फार लवकर बघितलं.

मग गोखले. नामदार गोखले काही काळ पुण्याचे नगराध्यक्ष होते, हे आता फारसं कोणाच्या लक्षात नसतं. १९०५ साली त्यांनी भारत सेवक समाज काढला, डिसेंबरात बनारसच्या काँग्रेसचं अध्यक्षपद भूषवलं, आणि त्याच काळात ते पुण्याच्या गटारांचे आणि शाळांचे कागदही बघत होते. पालिकेच्या सभांचं कामकाज छापून प्रसिद्ध व्हावं, असा त्यांचा आग्रह असे. आमच्या धंद्याचे ते कुलपुरुषच म्हणायचे. कोण काय बोलला, कोणी कुठे मत दिलं, हे छापून आलं की माणूस जपून बोलतो. सभावृत्त वेळेवर न निघणं किती जणांच्या सोयीचं असतं, हे मी जवळून बघितलंय.

गोखल्यांच्या मागोमाग हरि नारायण आपटे. 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी लिहिणारा माणूस नगराध्यक्ष व्हावा, यापरता योग्य उमेदवार पुण्याला मिळालाच नसता. पालिकेकडे येणाऱ्या प्रत्येक अर्जाला ते शीर्षक चालेल. विनोद सोडा, आपटे वर्षानुवर्षं पालिकेत राबले. त्यांच्या निधनानंतर लगेचच, १९२० मध्ये, सक्तीच्या प्राथमिक शिक्षणावरून पुणं दुभंगलं. सक्ती आधी फक्त मुलग्यांना करायची की मुलींनाही? पैसे कमी आहेत, मुलींचं नंतर बघू, असं म्हणणारे थोर थोर लोक होते. रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने बायका रस्त्यावर उतरल्या. मतदानात ज्यांना नीट जागा नव्हती त्या बायका पालिकेच्या कारभारावर मोर्चा काढतात, ही माझ्या दृष्टीने या शहराच्या नागरी इतिहासातली फार मोठी घटना आहे. मुंबईत १९२३ च्या सुमारास अवंतिकाबाई गोखले, सरोजिनी नायडू सभागृहात पोहोचल्या.

या जुन्या मंडळींबद्दल बोलताना एक गोष्ट सुटते. तेव्हाच्या नगरपालिकेत अध्यक्ष आणि समित्या स्वतः कारभार बघत. गोखले किंवा आपटे नुसते विचारत नव्हते, करतही होते. १५ फेब्रुवारी १९५० रोजी पुण्याची महापालिका झाली, बाबुराव सणस पहिले महापौर झाले, आणि नव्या कायद्याने कारभार आयुक्तांकडे गेला. सभासदांची प्रतिष्ठा वाढली आणि हात आखूड झाले. कचेरी विश्रामबागवाड्यातून यथावकाश मंगला टॉकीजसमोरच्या इमारतीत आली.

शहर मात्र आखूड राहायला तयार नव्हतं. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटलं, त्यापाठोपाठ खडकवासला गेलं. नदीकाठच्या पेठा धुऊन निघाल्या. धरणच गेल्यामुळे नळ कोरडे पडले आणि लोक पुन्हा विहिरी-हौदांकडे वळले. पूरग्रस्तांना गोखलेनगरसारख्या नव्या वसाहतींत हलवलं. काही जण निसन हटमध्ये संसार मांडून बसले. पेठेतला सभासद शेजारचा असे, ओट्यावर भेटे. नव्या वसाहतीत ना ओटा, ना ओळख. रस्ता नाही, दिवा नाही, पाण्याची वेळ ठरलेली नाही. अशा ठिकाणी कचेरीची वाट माहीत असलेला माणूस म्हणजे देवच. आजचा नगरसेवक, फोनवर अहोरात्र सापडणारा, माझ्या मते या वसाहतींमधून घडला.

गल्लीतलं काम चालतं कसं, ते एका तुंबलेल्या चेंबरवरून सांगते. सकाळी सहाला नळाला पाणी येतं, सातला ते चेंबरमधून वर येतं. बोळातल्या बायका कोठीवर जाऊन मुकादमाला गाठतात. मुकादम म्हणतो, झाडणं माझ्याकडे, ड्रेनेज माझ्याकडे नाही. ड्रेनेजची दोन माणसं येतात, बांबूच्या कामट्या सारतात, पाणी उतरतं. चार दिवसांनी पुन्हा वर. आता जेटिंगची गाडी हवी; गाडी बोळात शिरत नाही. मग कनिष्ठ अभियंता येतो, झाकण उचलायला लावतो, नाकाला रुमाल लावून वाकतो आणि खरं काय ते सांगतो: लाइन सहा इंची आहे, जुनी आहे. वाडा पाडून इमारत झाली, बिऱ्हाडं चौपट झाली, लाइन तीच राहिली. बदलावी लागेल. इथून प्रकरण कागदावर जातं. पूर्वगणनपत्रक करायचं. तरतूद आहे का बघायची. नसली तर वर्गीकरण, म्हणजे दुसऱ्या कामाचे पैसे इकडे वळवायचे. त्याला स्थायी समिती, मुख्य सभा. सभा कोणाच्या तरी निधनाबद्दल श्रद्धांजली वाहून तहकूब. पुढच्या सभेत मंजुरी, मग निविदा, कार्यादेश, आणि खोदाईची परवानगी, कारण त्याच बोळात मागच्या महिन्यात काँक्रीट ओतलंय. एवढ्यात ३१ मार्च उजाडला की तरतूद गेली. पुन्हा पहिल्यापासून.

या प्रत्येक पायरीवर नगरसेवक उभा असतो आणि एकाही पायरीवर त्याच्या एकट्याची सही चालत नाही. तो लेटरहेडवर पत्र देतो, 'तातडीने कार्यवाही व्हावी'. त्यावर आवकचा शिक्का मारून घेतो. फाइल कोणत्या टेबलावर अडलीय ते शिपायाला चहा पाजून काढतो. चावीवाल्याची पाळी, मुकादमाचा मोबाइल, जेटिंगवाल्याचा फेरा त्याला पाठ असतो. हे काम हलकं नाही. ते हिणवणाऱ्यांनी एक दिवस करून बघावं.

पण त्यातही दोन जाती मी बघितल्या. आमच्या सभागृहात एक जुने सभासद होते. पायजमा-सदरा, खांद्याला शबनम, त्यात लांब वही. वहीत चेंबरच्या तक्रारी तारीखवार. त्यांनी एकदा लेखी प्रश्न टाकला. या पेठेत तीन वर्षांत ड्रेनेज तुंबल्याच्या तक्रारी किती, ते काढायला खर्च किती, त्याच काळात किती वाड्यांच्या जागी इमारतींना परवानगी दिली आणि परवानगी देताना ड्रेनेज लाइनची क्षमता कोणी तपासली? प्रश्न चार ओळींचा. उत्तर द्यायला दोन खात्यांची माणसं आठवडाभर बसली, कारण शेवटच्या भागाचं उत्तर 'कोणीही नाही' असं होतं आणि ते लिहायला कोणी तयार नव्हतं. शेवटी त्या एका बोळाची नव्हे, सगळ्या पट्ट्याची लाइन बदलली. पुढच्या निवडणुकीत हे गृहस्थ पडले. जमिनीखालच्या कामावर पाटी लावता येत नाही.

मोठ्या प्रमाणावर हेच काम मृणाल गोऱ्यांनी केलं. गोरेगाव तेव्हा मुंबईबाहेरचं गाव. त्या तिथल्या ग्रामपंचायतीत होत्या. १९५७ मध्ये मुंबईची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत गेली, गोरेगाव महापालिकेत आलं आणि १९६१ मध्ये मृणालताई नगरसेविका झाल्या. त्याआधी तीनच वर्षं त्यांचे पती केशव गोरे वारले होते. उपनगरांत घरं वाढत होती, पाणी नव्हतं. मृणालताईंनी टँकर पाठवून फोटो काढले नाहीत. त्यांनी हंडे घेऊन बायकांना रस्त्यावर उतरवलं आणि तोच हंडा सभागृहात प्रश्न होऊन आला: उपनगरातला माणूस कर भरतो, मग पाण्याच्या वेळी तो दुय्यम का? लोकांनी त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणायला सुरुवात केली ती यातून. पुढे त्या आमदार झाल्या, खासदार झाल्या, पण नाव नगरसेविकेच्या काळातलंच चिकटलं. गल्लीतल्या एका हंड्यापासून अख्ख्या उपनगराच्या जलवाहिनीपर्यंत सरळ रेघ ओढता आली पाहिजे. त्यांना ती येत होती.

नंतरच्या काळात ही रेघ तुटत गेली, आणि त्यात कायद्याचाही हात आहे. मुंबईत एका प्रभागाला एक नगरसेवक, हे कायम राहिलं. पुण्यात मात्र २००२ मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग, २००७ मध्ये एकाचा, २०१२ मध्ये दोघांचा, २०१७ मध्ये बहुतेक ठिकाणी चौघांचा. १६२ नगरसेवक आणि प्रभाग ४१. नागरिकाने चेंबर कोणाला सांगायचं? चौघे एकमेकांकडे बोट दाखवतात आणि झालेल्या कामावर चौघांच्याही पाट्या लागतात. प्रत्येक वेळी सरकार बदललं की प्रभागाचा आकार बदलतो. शहराच्या सोयीसाठी तो बदलल्याचं मला एकदाही दिसलं नाही.

त्यात आली प्रत्येकाच्या वाट्याची तरतूद, पुण्यात जिला 'स यादी' म्हणतात. अंदाजपत्रकात नगरसेवकाने सुचवलेल्या कामांची ही यादी. कल्पना वाईट नव्हती. वस्तीतल्या बारीक कामांना आयुक्तांच्या मोठ्या आकड्यांत जागा मिळत नाही, ती इथे मिळावी. झालं असं, की बाकडी, कापडी पिशव्या, कचऱ्याच्या बादल्या, नामफलक, चांगल्या पदपथावर नवे ब्लॉक, हेच त्यातून जास्त निघालं. आणि स यादीचा रस असलेला सभासद आयुक्तांच्या आकड्यांना कशाला हात घालील? तुम्ही माझं बघा, मी तुमचं बघत नाही. अंदाजपत्रकावरची भाषणं लांबत गेली आणि त्यांतला अंदाज आटत गेला.

बायकांच्या आरक्षणाने काय झालं, हेही लोक विचारतात. नव्वदच्या दशकात तिसरा हिस्सा आला, २०१२ पासून निम्म्या जागा. सुरुवातीला 'नगरसेविकेचे पती' नावाचं एक नवं पद तयार झालं. साहेब कचेरीत बसायचे, बाई सह्या करायच्या. थट्टा खूप झाली. पण पहिल्या वर्षी पदर सावरत गप्प बसणाऱ्या आणि तिसऱ्या वर्षी सभाशास्त्राचे नियम काढून महापौरांना थांबवणाऱ्या बायका मी टिपल्या आहेत, शब्दशः. पाण्याची वेळ, रेशनचा दाखला, दवाखान्यातली बाई डॉक्टर, मुलींच्या शाळेतलं स्वच्छतागृह, हे विषय त्यांनी सभेत आणले. आधीच्या वर्षांतल्या माझ्या वह्यांत ते जवळजवळ नाहीत.

२००९ मध्ये कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद झाली: नगरसेवकाने आपल्या भागातल्या मतदारांची सभा घ्यायची, कामं त्यांच्यासमोर ठेवायची. गावाला ग्रामसभा तशी शहराला ही. पुण्यात असो की मुंबईत, तुमच्या भागात ती झालेली आठवते का?

१४ मार्च २०२२ रोजी पुणे महापालिकेची मुदत संपली आणि निवडणूक लांबत गेली. जवळजवळ चार वर्षं आयुक्तच प्रशासक. ठराव करणारे तेच, अमलात आणणारेही तेच. मेहतांनी जी वाटणी मागितली होती तिचा एक भाग या काळात अस्तित्वातच नव्हता. लोकांना फारसं चुकल्यासारखं वाटलं नाही, कारण माजी नगरसेवक फोन उचलत होते, चेंबर उपसलं जात होतं. अंदाजपत्रक मात्र विनाप्रश्न मंजूर होत होतं, एकदा नव्हे, दरवर्षी. जानेवारी २०२६ मध्ये मतदान झालं आणि पुण्याला पुन्हा नगरसेवक मिळाले, या वेळी १६५.

आता तुमच्या प्रभागातल्या चौघांपैकी कोणाकडे जाल तेव्हा चेंबरचं जरूर सांगा; पण त्याच वेळी विचारा, 'यावर लेखी प्रश्न टाकलात का? उत्तर काय आलं?' उत्तराची प्रत मागा. आणि तेही नाही जमलं, तर २०१८ च्या सरकारी परिपत्रकाप्रमाणे दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत कचेरीत जाऊन कागद बघायचा हक्क तुम्हाला आहे. राज्यभर लागू झालेली ही पद्धत मूळची पुण्याचीच. जाताना वही-पेन्सिल न्या.